पाणीपट्टी वाढली तर द्याल का? आणि कोणत्या अटीवर?

नीरजा_बाणेर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेरला राहते, यंदा सोसायटीची खजिनदार आहे. आज दुपारी वर्षाचा हिशेब जुळवत बसले होते. त्यातला एक आकडा काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

आमच्याकडे ९६ फ्लॅट. मार्च ते जून या चार महिन्यांत रोजचे दोन याप्रमाणे २४४ टँकर घेतले. दहा हजार लिटरला १,३०० रुपये. बेरीज ३ लाख १७ हजार २००. घरटी ३,३०० रुपये, तेही चारच महिन्यांचे आणि फक्त कमी पडलेल्या पाण्याचे. माझ्या फ्लॅटची अख्ख्या वर्षाची पाणीपट्टी याच्या आत आहे.

म्हणजे हजार लिटरला १३० रुपये आपण टँकरला मोजतो, आणि ते पाणी कुठल्या विहिरीतून भरलं हे विचारतही नाही. सभेत ते बिल दोन मिनिटांत मंजूर होतं. पाणीपट्टी वाढणार अशी नुसती बातमी ग्रुपवर आली की मात्र रात्री बारापर्यंत वाद चालतो.

मला खरंच जाणून घ्यायचंय: नळाला भरवशाचं, स्वच्छ पाणी येणार असेल तर तुम्ही जास्त पैसे द्याल का? आणि तुमची अट काय असेल? कृपया पक्षांवर घसरू नका, पाण्यावरच बोलू.

गोट्या_८७ | रविवार, रात्री ९:५२

आधी पाणी, मग पैसे. ही माझी अट.

शनवारातली | रविवार, रात्री १०:१५

नीरजा, मी नाही देणार, आणि त्याचं कारण मीटर. माझी धाकटी बहीण दुसऱ्या शहरात असते. तिच्याकडे जुन्या पद्धतीचा मीटर आहे आणि पाणी दिवसातून दीड तास. पाणी यायच्या आधी पाच मिनिटं नळातून सूंऽऽ करत नुसती हवा येते आणि मीटरचा काटा गरागरा फिरतो. मी स्वतः तिथं उभी राहून पाहिलंय. हवेचे पैसे का भरायचे? आधी चोवीस तास दाब द्या, मग मीटर लावा.

निवृत्त_अभियंता | रविवार, रात्री ११:३०

नीरजाताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी राज्यातल्या एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ३१ वर्षं काढली. (पुण्याच्या नव्हे.) जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

शनवारातली ताई हवेबद्दल म्हणतात ते बरोबर आहे. पंख्यावर चालणारा जुना मीटर हवेनं फिरतो. पण हवा पाईपमध्ये शिरते कशी? आपण पाणी बंद करतो, लाईन रिकामी होते, म्हणून. आणि रिकामी लाईन नुसती हवाच ओढत नाही. शेजारून ड्रेनेज जात असेल आणि सांधा सैल असेल तर तेही आत ओढते. पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, त्यातला बराचसा प्रकार हाच.

आता पैशाचं. पाणी ‘तयार’ करायला काय लागतं? धरणातून उचललेल्या कच्च्या पाण्याचे पैसे जलसंपदा विभागाला द्यावे लागतात. त्याचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, आणि मंजूर कोट्याच्या वर उचललं तर दर चढतो. मग वीज. मग गाळ खाली बसवायला तुरटी किंवा पीएसी नावाचं रसायन, आणि क्लोरीन. पगार. दुरुस्ती. कर्ज असेल तर हप्ता. नीट पाहिलंत तर यातलं बहुतेक सगळं ठरलेलं असतं. शहरानं थोडं कमी पाणी वापरलं म्हणून पगार कमी होत नाही की हप्ता चुकत नाही.

आणि आता गळती. पुण्यात ती ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं वर्षानुवर्षं अधिकृतपणेच सांगितलं जातं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले: बिलात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, १०० टक्के नळांना मीटर, खर्चाची १०० टक्के वसुली. शंभर लिटर उचलायचं, शुद्ध करायचं, पंपानं टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, आणि त्यातल्या साठ लिटरचेच पैसे मागायचे. तुमच्या पाणीपट्टीतला मोठा वाटा त्या चाळीस लिटरवर जातो. माझं ठाम मत: जास्त पैसे द्या, पण अट ही घाला की पाणी मोजून सोडलं जाईल. नुसतं घराच्या दारात मोजून चालणार नाही. धरणावर, जलकेंद्रावर, टाकीच्या तोंडाशी, प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला मोजायचं.

गळती शोधायचं आमचं काम रात्री दोन ते चारमध्ये चालायचं. रस्त्यावर आवाज नाही, घरांत नळ बंद. पाच फुटी लोखंडी सळई, एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. लाईन धड असेल तर मंद घरघर ऐकू येते. फुटकी असेल तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी सततची चर्र. आमच्याकडे एक व्हॉल्व्हमन होते, ते नुसत्या आवाजावरून सांगायचे की गळती डांबराखाली आहे की नाल्यात. त्यांची जागा निवृत्तीनंतर भरली गेली नाही. बजेटमध्ये ‘पदांची बचत’ म्हणून ती जमेला धरली होती.

भीमाकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

मी दौंड तालुक्यातला शेतकरी, मुलगी पुण्यात शिकते म्हणून इथं वाचतो. साहेब, तुम्ही ४० टक्के म्हणालात ते आम्ही कालव्याच्या शेपटाला बसून भोगतो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. यातूनच पुणं पितं आणि यातूनच हवेली, दौंड, इंदापूरला आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, येते. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आम्ही उन्हाळ्यात एक आवर्तन मिळणार की दोन, एवढंच बघतो. ऊस सोडा, जनावराच्या मक्याचाही प्रश्न असतो. तुमच्या शहरात जे पाणी जमिनीखाली मुरतं ते आमच्या आवर्तनातून वजा होतं. तुमच्या धाग्यात आमचाही हिशेब धरा, एवढंच म्हणणं.

निवृत्त_अभियंता | सोमवार, सकाळी ९:२०

भीमाकाठ, राम राम. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. एक साधं गणित मांडतो. माणशी रोज १५० लिटर धरा, महानगरासाठीचं प्रमाण तेवढंच आहे. लोकसंख्या ५० लाख धरा. वर्षाचं पाणी होतं पावणेदहा टीएमसीच्या आत. शहराची प्रत्यक्ष उचल याच्या कितीतरी वर असते. मधला फरक सगळाच गळती नाही. त्यात कारखाने, दवाखाने, बांधकामं, बाहेरून रोज येणारी माणसं आहेत. पण तो फरक नेमका कशाचा हे मोजून सांगता येत नाही तोवर तुम्ही आणि आम्ही भांडतच राहणार.

गोट्या_८७ | सोमवार, सकाळी ९:३१

काका, आमच्या आजीचा नियम: बुधवारी रात्री घरातलं वाटीसकट प्रत्येक भांडं भरलेलं पाहिजे. कारण गुरुवारी बंद आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’. हे वाक्य माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही पाठ झालंय, ती बाहुलीला सांगते. 😀

ताळेबंद | सोमवार, दुपारी १:१०

पेशानं सीए. ‘तो पैसा जातो कुठं’ हा भाग माझ्या वाट्याचा, म्हणून लिहितो.

पुण्यात घरगुती पाणीपट्टी मीटरवर नाही, मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर ठरते आणि मिळकतकराच्या बिलातच येते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. चार माणसांचं कुटुंब बादलीनं आंघोळ करो की शॉवर दोन तास सोडून ठेवो, बिल तेच. दुसरं म्हणजे, लोकांना ती पाण्याची किंमत वाटतच नाही, आणखी एक कर वाटतो.

चोवीस तास समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी जून २०१७ मध्ये महापालिकेनं २०० कोटींचे कर्जरोखे मुंबई शेअर बाजारात आणले, दहा वर्षांच्या मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजानं. वर्षाचं व्याज होतं १५ कोटी १८ लाख. एकूण २,२६४ कोटी असे टप्प्याटप्प्यानं उभे करायचे, असा तेव्हा विचार होता. अहमदाबादनं १९९८ मध्येच पाणी आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटींचे रोखे काढले होते, म्हणजे कल्पना नवी नव्हती. मला हे पाऊल योग्य वाटलं आणि आजही वाटतं. जलवाहिनी पन्नास वर्षं चालते, तर तिचा खर्च एकाच वर्षाच्या करदात्यांवर का टाकायचा? आज जन्मलेलं मूलही त्या लाईनचं पाणी पिणार आहे.

पण व्याजाचं घड्याळ पैसा हातात आला त्या दिवशी सुरू होतं आणि टाकीचं काम जागा मिळाल्यावर. कुठं झाडं, कुठं न्यायालय, कुठं एका खात्याचं दुसऱ्याकडे पत्र. कामाला उशीर झाला की तो उशीर थेट व्याजात दिसतो.

आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते घसारा. घरातली मोटर दहा वर्षांनी बदलावी लागणार हे सोसायटीला कळतं, म्हणून सिंकिंग फंड असतो. (नीरजाताई, तुमच्याकडे असेलच.) शहराच्या पाईपलाइनचा घसारा कागदावर दाखवतात, पण तेवढी रक्कम बाजूला काढून कुलुपात ठेवलेली कुठंच दिसत नाही. लाईन फुटली की त्या वर्षीच्या बजेटमधून काढायचे, आणि बजेट नसेल तर वेल्डिंग करून झाकायचं.

माझी अट सांगतो. पाण्याचं खातं वेगळं हवं. पाणीपट्टी, पाण्याचा खर्च, पाण्याची शिल्लक एकाच पानावर, दर तीन महिन्यांनी जाहीर. आणि त्यातला पैसा पुलाला, रस्त्याला, उद्यानाला वळवायचा नाही. कर्जरोख्यांच्या परतफेडीसाठी एस्क्रो खातं, म्हणजे दुसऱ्या कामाला हात लावता न येणारं राखीव खातं, ठेवतात ना? सावकारासाठी जी शिस्त पाळता येते ती नळधारकासाठीही पाळता यावी.

वैशाली_पर्वती | सोमवार, दुपारी ३:४५

मी वस्तीत राहते, पर्वतीच्या उतारावर. वरच्या गल्लीत दाब पोचत नाही. वीस लिटरचा जार तीस रुपयांना घेतो. ताळेबंद दादा, हजार लिटरला किती झाले ते बघा. दीड हजार. नीरजाताईंचा टँकर १३०. शहरात सगळ्यात महाग पाणी आमची घरं पितात आणि सभेत म्हणतात वस्तीवाले फुकट वापरतात.

पाणी सकाळी सहाला येतं तेव्हा मी कामावर निघालेली असते. सासूबाईंचे गुडघे गेलेत. म्हणून मुलगी शाळेला उशिरा जाते. त्या उशिराचा आकडा कुठल्या बजेटमध्ये येतो? मी मीटरचे पैसे देईन. माझ्या नावाचा नळ आणि माझ्या नावाचं बिल पाहिजे. बिल असलं की तक्रार करता येते.

शनवारातली | सोमवार, दुपारी ४:०२

वैशाली, तुझं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं गं. मी मीटरला नाही म्हणत होते. तुला तो हक्काचा कागद वाटतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कऱ्हाडकर | सोमवार, सायंकाळी ६:३०

आमच्या कऱ्हाडशेजारी मलकापूर आहे. छोटं गाव, नगरपंचायत होती तेव्हाच चोवीस तास मीटरचं पाणी सुरू केलं. दर टेलिस्कोपिक, म्हणजे कमी वापराला स्वस्त, जसजसा वापर वाढेल तसतसा दर चढत जातो. माझे मामा तिथं. सुरुवातीला तेही चिडले होते. नंतर मामीनं पिंपं विकून टाकली. उद्या सकाळीही पाणी आहे म्हटल्यावर साठवायचं कशाला? साठवलेलं शिळं म्हणून रोज ओतून द्यायची जी सवय होती, ती आपोआप सुटली. वापर घटला तो उपदेशानं नव्हे, भरवशानं.

सोपानराव | सोमवार, रात्री ८:१५

मलकापूर कुठं आणि पुणं कुठं. आणि ‘वेगळं खातं’, ‘वेगळी कंपनी’ हा खासगीकरणाचा पहिला पाय असतो. नागपुरात २०१२ पासून खासगी कंपनी बघते. आपल्याकडे तेच व्हायला हवंय का?

ताळेबंद | सोमवार, रात्री ८:४०

सोपानराव, वेगळं खातं आणि वेगळा मालक यांत फरक आहे. नॉम पेन्हचं उदाहरण बघा. कंबोडियाची राजधानी, यादवीतून उठलेली. १९९३ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. तिथली पाणीसंस्था सरकारीच राहिली, पण तिला स्वतःचा हिशेब, स्वतःची माणसं आणि बिल वसूल करायचा अधिकार मिळाला. तिच्या प्रमुखांचं नाव ‘एक सोन चान’. मंत्री असो की लष्करी अधिकारी, मीटर सगळ्यांना. काही वर्षांत वाया जाणारं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये या प्रमुखांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मालकी लोकांचीच राहिली.

सोपानराव | सोमवार, रात्री ९:०५

हे माहीत नव्हतं. तरी माझा आक्षेप कायम आहे: गरिबाचा नळ बिलापायी तोडला जाऊ नये. किमान पाणी हा हक्क आहे, तेवढं फुकट किंवा नाममात्र दरात ठेवूनच वरचे दर लावा. वैशालीताईंना पहिल्या टप्प्याचं बिल डोईजड होता कामा नये.

मिलिंद_केपटाऊन | सोमवार, रात्री ११:५०

मूळचा कोथरूडचा, बारा वर्षं केपटाऊनमध्ये. २०१८ चा ‘डे झीरो’चा, म्हणजे शहराचे नळ बंद करायच्या दिवसाचा, धसका इथं अंगावर घेतला, म्हणून एक अनुभव लिहितो, जो पुण्याच्या चर्चेत कधी दिसत नाही.

सलग तीन वर्षं पाऊस कमी, थीवॉटर्सक्लूफ धरणाचा तळ दिसायला लागला. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर. आम्ही शॉवरखाली टब ठेवून उभे राहायचो आणि तेच पाणी संडासात टाकायचो. रात्री न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन रांग. शहरानं वापर निम्म्याहून खाली आणला, नळ कोरडे पडले नाहीत. लोकांचा अभिमान वाटावा अशी गोष्ट.

पण त्याच काळात पाणीखात्याचं उत्पन्न कोसळलं. बिल लिटरवर, लिटर निम्मे, आणि खर्च तेवढाच. उलट नवे बोअर, समुद्राचं पाणी गोडं करायची तात्पुरती यंत्रं यांनी वाढलेला. म्हणजे लोक जितके चांगले वागले तितकं खातं अडचणीत. शेवटी जुलै २०१८ पासून नळजोडाच्या व्यासाप्रमाणे महिन्याचा ठरावीक आकार लावावा लागला. लोक संतापले: आम्ही पाणी वाचवलं आणि तुम्ही दंड करता? रागही खरा होता आणि गरजही खरी होती.

म्हणून नीरजा, माझी अट जरा वेगळी. बिलाचे दोन भाग हवेत. एक ठरावीक: पाईप, पंप, माणसं जिवंत ठेवण्याचा. दुसरा वापराचा. आणि चांगल्या पावसाच्या वर्षात उरलेलं दुष्काळाच्या वर्षासाठी बाजूला. धरण भरलेलं असतानाच हे बोलायचं असतं. धरण आटल्यावर बोललं की खंडणीसारखं वाटतं.

निवृत्त_अभियंता | मंगळवार, सकाळी ८:००

मिलिंद, शाबास. हे आमच्या खात्यात कुणी कधी मांडलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं, ते पुढचा पावसाळा येईपर्यंत चाललं. धरणं भरली, लोक विसरले. विसरले म्हणजे पुढची तरतूदही विसरली.

शनवारातली | मंगळवार, दुपारी १२:२०

तुम्ही आणीबाणीचं बोलताय म्हणून माझ्या आईनं सांगितलेलं लिहिते. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पूर ओसरला, चिखल राहिला आणि नळ कोरडे. शहराचं पिण्याचं पाणी ज्या धरणातून यायचं तेच फुटलं होतं. आई तेव्हा चौदा वर्षांची. आमच्या वाड्यात आड होता. आजोबांनी त्याच्यावर कधी फळी टाकू दिली नव्हती, दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढायचे. त्या आडावर गल्लीतली पंधरा-वीस घरं जगली. रहाटाचा दोर झिजून तुटला तेव्हा आजीनं जुनं नऊवारी पिळून बांधलं होतं, असं आई सांगते.

वाडा पाडला तेव्हा आड बुजवला. वर पार्किंग आहे. पेशव्यांनी कात्रजहून दगडी नळानं पाणी आणलं, त्याचे उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे) अजून शहरात उभे आहेत. आपण जुनं मोडताना पर्यायी वाटही मोडली, असं मला फार वाटतं. दुसरा स्रोत सांभाळायलाही पैसा लागतो, गाळ दरवर्षी काढावा लागतो, मग पाणी लागो न लागो.

डॉ_सई | मंगळवार, दुपारी २:३५

शनवारातली ताई, अंगावर काटा आला. पण डॉक्टर म्हणून एक जोड देते: जुनी विहीर राखली तर तिची तपासणीही राखावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, आणि विहिरीच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. धडधाकट माणूस चार दिवसांत जिना चढू शकत नाही, आठव्या दिवशी व्हेंटिलेटरवर. एका कुटुंबाला आयव्हीआयजीच्या (या आजारावरच्या प्रतिपिंडांच्या) इंजेक्शनांचा खर्च सांगताना माझाच आवाज अडकला होता.

नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. घरी तपासता येतं. ओटी टेस्टचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाका, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर उकळल्याशिवाय पिऊ नका. टँकरवर तर प्रत्येक वेळी करा. माझी अट लिहून ठेवा: प्रत्येक टाकीवरचा रोजचा क्लोरीनचा आकडा लोकांना दिसला पाहिजे. त्यासाठी मी आनंदानं जास्त पाणीपट्टी भरेन.

मोशीचा_मनोज | मंगळवार, सायंकाळी ५:१०

आम्ही पवनेचं पाणी पितो, तरी वाचतोय. माझी अट बिल्डरसाठी. आमच्या प्रकल्पाला परवानगी घेताना बिल्डरनं लिहून दिलं होतं की पाईपलाइन येईपर्यंत पाणी तो देणार. ताबा झाला, वर्षभरात टँकर बंद, फोन बंद. नवीन इमारतीच्या परवानगीबरोबर पाण्याची अनामत रक्कम घ्या आणि बिल्डरनं हात वर केले की तीच वापरा. शहर पसरतं त्या वेगानं पाईप पसरत नाही, आणि मधल्या वर्षांचा खर्च घर घेणाऱ्याच्या माथी.

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ९:४५

डॉक्टर ताईंनी चांगलं सांगितलं. पाणी परत करण्याचंही कुणी लिहा. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीतलं पाणी उचलायच्या विहिरीतून) शहराचं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून जुन्या कालव्यात सोडायचं, वर्षाला साडेसहा टीएमसी, असं ठरलं आहे. ते जेवढं नीट शुद्ध होईल तेवढं आम्हाला धरणातून कमी मागावं लागेल. फेसाळ आलं तर पोरं अंगाला खाज सुटते म्हणून कालव्यात उतरत नाहीत. सांडपाण्याच्या प्रकल्पाची वीज, माणसं, देखभाल हेही पाणीपट्टीतच धरा. तुमचं वापरलेलं पाणी हे आमचं पीक आहे.

नीरजा_बाणेर | शनिवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले पाच दिवस लिहिलं नाही, कारण निवृत्त अभियंता काकांचं ‘रात्री दोन ते चार’ डोक्यात बसलं होतं. आमच्याकडे सळई नाही, पण टाक्या आहेत. मंगळवारी रात्री मी आणि वॉचमन दादा बी विंगच्या गच्चीवर गेलो. बारा वाजता मोटर बंद केली. टाकी आतून ५ मीटर बाय ४ मीटर. एक वाजता लाकडी पट्टी टाकून पाण्याची खूण केली, चार वाजता पुन्हा मोजलं. पातळी ९ सेंटिमीटर खाली. तीन तासांत १,८०० लिटर, सगळं शहर झोपलेलं असताना. तासाला ६००, म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. रोजच्या एका टँकरपेक्षा जास्त.

बुधवारी आणि गुरुवारी आम्ही चौघी घरोघर फिरलो. फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकायचा आणि वीस मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही. ४८ पैकी ७ घरांत भांड्यात लाल रेघ उतरली. एका घरातल्या आजोबांना वर्षभर तो आवाज ऐकू येत होता, त्यांना तो शेजारच्या एसीचा वाटायचा. सातही टाक्यांचे वायसर आणि झडपा बदलल्या, सगळा खर्च मिळून २,४५० रुपये. काल रात्री पुन्हा मोजलं: तीन तासांत ३ सेंटिमीटर. दिवसाला ९,६०० लिटर वाचले. जवळजवळ एक टँकर, १,३०० रुपये रोजचे.

माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर आता ठरलंय. मी जास्त देईन, तीन अटींवर: ताळेबंद म्हणतात तसं वेगळं खातं, टाकीनिहाय मोजणीचे आकडे सगळ्यांसमोर, आणि वैशालीच्या गल्लीत दाब पोचल्यावरच माझ्या बिलातली वाढ. या तीन अटींचं पत्र आमच्या सभेत ठेवतेय. आणखी कोणत्या सोसायट्या सही करतील?

वैशाली_पर्वती | शनिवार, सकाळी ११:१५

ताई, पत्राचा मसुदा इथं टाका. आमच्या गल्लीतली बत्तीस घरं सही करतील. वस्तीचं पत्र वेगळं नको, एकाच पत्रावर दोघांच्या सह्या पाहिजेत.

निवृत्त_अभियंता | शनिवार, दुपारी १२:४०

नीरजाताई, कमाल केलीत. आता ए विंग. आणि उरलेल्या ३ सेंटिमीटरसाठी जमिनीखालच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह नको, वरच्या टाकीतून उतरणाऱ्या लाईनवरचे डक्टमधले सांधे बघा. टॉर्च घेऊन जा, ओल भिंतीवर दिसत नसेल तर हाताचा तळवा उलटा करून पाईपच्या खालच्या बाजूनं फिरवा. पत्राच्या मसुद्यात मोजणीच्या भागाला मी मदत करतो, उद्या सकाळपर्यंत पाठवतो.